माहेरचं पाणी

प्रसूतिगृह, मुलींची खोली
७ जानेवारी १९५८

सौ. पार्वतीवहिनी, दादा, आये आणि चुलीपाशी लोळणारं मांजर, सगळ्यांना नर्मदेचा नमस्कार.

तुझं पत्र टपालवाल्या धोंडूने काल हातात दिलं. तू विचारतेस, इथे शिकवणाऱ्या बाया कशा आहेत. दोन आहेत आणि दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुईणकाम आणि नर्सिंग दोन्ही त्यांच्याकडूनच शिकायचं, अजून वर्षभर तरी सुटका नाही.

पहिली मेट्रनबाई. रोज सकाळी सातला आम्हा बारा जणींना रांगेत उभं करते आणि एकच शब्द बोलते, "हात." हात पुढे करायचे, उलटे करायचे, नखं दाखवायची. गेल्या महिन्यात रुक्मिणीचं बोट विळीवर जरासं कापलं होतं. रुक्मिणी म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरची, देवगडकडची. तेवढ्यावरून मेट्रनबाईने तिला आठ दिवस वॉर्डाबाहेर काढलं. खोलीत एकटी बसवली आणि वही उतरून काढायला लावली. पोर रडून रडून अर्धी झाली. बाईच्या तोंडून एक गोड शब्द नाही. तिच्या अंगात माया असलीच तर कुलपात असेल.

दुसरी आनंदीबाई. तिला आम्ही सगळ्या आईच म्हणतो. पहिलं बाळंतपण बघताना मी घेरी येऊन पडले, तेव्हा तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मेट्रनबाईला सांगितलं, नर्मदेला मी पाणी आणायला पाठवलीय. ती बालविधवा आहे, तिला पुढेमागे कोणी नाही. आणि तिची एक रीत सांगते. इथे काही बायका एकट्याच येतात. कोणाची आई मेलेली, कोणाला सासरचं कोणी सोबत देत नाही. अशी बाई मोकळी झाली की आनंदीबाई हातमोजे काढून ठेवते आणि कढत पाण्याने स्वतः तिला धुते, पुसते, पोट बांधते. म्हणते, "रबराच्या हातांनी माहेर होत नाही गं." ह्याला आम्ही माहेरचं पाणी म्हणतो. मेट्रनबाईला ठाऊक नाही. ती जेवायला गेली की मगच हे चालतं.

बाराखडी शिकवताना तू माझ्या बोटांवर पट्टी मारायचीस, आठवतं का? तू आणि मेट्रनबाई एका माळेचे मणी. मी आनंदीबाईसारखी होणार.

तुझी नर्मदा


तारकर्ली
१ मार्च १९५८

चि. नर्मदेला वहिनीचे आशीर्वाद, पट्टीसकट.

पट्टी मारली म्हणून तर आज चार ओळी लिहितेस. तुझा भाऊ तेव्हा ओट्यावर बसून जाळं विणायचा आणि म्हणायचा, "मार गो, आणखी एक मार, तिचो 'क' अजून मोडको आसा." त्याला विचार.

आता एक गोष्ट लिहिते, आतापर्यंत मुद्दाम लिहिली नव्हती. मला पाचवा महिना लागला. तुला माहीत आहे, आधीची दोन्ही गेली. पहिलं पायाळू होतं आणि हौसाबाई सुईणीने ओढाओढ केली. दुसरं रडलंच नाही. हौसाबाईचा दोष मी देत नाही, ती बिचारी जीव तोडून करते. पण ह्या वेळी मला तिच्या हाती जायचं नाही. भीती वाटते. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही, तुला सांगते.

तुझे दादा गुणाजी म्हणतात, आषाढात होड्या वर ओढलेल्या असतील, मी मोकळाच, गाडी करून तुका नर्मदेकडे नेतंय. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. तुझं ते माहेरच्या पाण्याचं वाचलं आणि मी विकायच्या माशांची पाटी भरायची सोडून तशीच बसून राहिले, बांगड्यांवर माश्या बसल्या तरी. तुझी आनंदीबाई मला ते पाणी घालील का, विचारशील?

तुझी वहिनी पार्वती


प्रसूतिगृह
२२ मार्च १९५८

गो वहिनी, मी पत्र वाचून वॉर्डात नाचले आणि मेट्रनबाईची बोलणी खाल्ली. आयेला कधी सांगणार? मी नाही सांगणार, तू काळजी करू नकोस.

आनंदीबाईला मी त्याच संध्याकाळी विचारलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुझी वहिनी ती माझी लेक. तिला घेऊन ये. तिला येणं जमलं नाही तर मी तिच्या दारी जाईन, पण पहिलं पाणी माझ्याच हातचं." हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. तुझं आता सगळं नीट होणार.

एक गंमत. शिमग्यापासून आनंदीबाईच्या उजव्या तर्जनीला नखुरडं झालंय. नखाच्या कडेला सूज, ठणका, जरासा पू. मेट्रनबाईला कळलं तर ती तिलाही वॉर्डाबाहेर बसवील. सकाळी रांगेत आमचेच हात बघतात, शिकवणाऱ्या बाया समोर उभ्या असतात, त्यामुळे निभावतं. मी आणि रुक्मिणी दुपारी कपड्यांच्या खोलीत तिला हळद गरम करून बांधतो. मेट्रनबाई आली तर एकीने खोकायचं असं ठरलंय. आनंदीबाई हसते, म्हणते, "माझ्या बारा लेकी माझं एक बोट सांभाळतायत." तिने आमच्या इतक्या चुका झाकल्या, आम्ही एवढं तरी झाकू. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?

ह्या आठवड्यात घाटाकडून आलेली एक बाई गेली. बाळंतपण सरळ झालं, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, सहाव्या दिवशी संपली. मूल जगलं. मेट्रनबाईने आम्हाला दोन दिवस भिंती धुवायला लावल्या. आनंदीबाई त्या बाईच्या उशाशी बसून रडत होती, मेट्रनबाई उभ्याने कागद लिहीत होती. ह्यावरून ओळख.

नर्मदा


तारकर्ली
१४ एप्रिल १९५८

चि. नर्मदे,

घरात सांगितलं. सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला आणि इस्पितळाचं नाव काढताच तोंड फिरवलं. पण तुझ्या आनंदीबाईने दिलेला शब्द वाचून दाखवला तशा विरघळल्या. म्हणाल्या, "परकी बाई इतक्या बोलता, ती देवीच म्हणूची."

नखुरड्याला हळदीने काय होणार? एक लिंबू घ्या, टोकाला भोक पाडा आणि बोट आत खुपसून दिवसभर तसंच ठेवा. मासे कापणाऱ्या बायका हेच करतात. मला दोनदा गुण आलाय. माझ्या नावाने तिला लिंबू बसव. लेकीकडून आईला.

ती घाटावरची बाई गेली, वाईट वाटलं. तिच्याबरोबर कोणी होतं का?

मी बरी आहे. पोटातलं फार लाथा मारतं, बापासारखं आहे. बाजारात अजून जाते.

वहिनी


प्रसूतिगृह
२५ मे १९५८

वहिनी, लिंबू लागू पडलं. आठ दिवस आनंदीबाई तुझं नाव घेत होती. पण मग पुन्हा सुजलं. आता नखाचा रंग गेलाय. ती काही बोलत नाही, पण ताटात भात कालवताना डाव्या हाताने कालवते.

इथे दिवस चांगले नाहीत. घाटावरच्या बाईबरोबर कोणी होतं का विचारलंस, कोणी नव्हतं. त्यानंतर एप्रिलअखेर वेंगुर्ल्याकडची एक मोलकरीण तापली. तिला डॉक्टरांनी सुया दिल्या, वाचली. मग चिपीची एक पोरगी, सतरा वर्षांची, तिला आई-बाप नव्हते. ती गेली. परवा आणखी एक गेली, नवऱ्याने टाकलेली. तिघींना तोच ताप, तिसऱ्या दिवशी थंडी.

आणि बघ, ज्यांच्या आया, मावश्या उशाशी बसून असतात, घरचं पाणी, घरचं तेल, त्या सगळ्या हसत घरी गेल्या. एकीलाही काही झालं नाही. ज्यांचं कोणी नाही त्यांनाच देव उचलतो. डॉक्टर म्हणतात अंगात रक्त नसतं, उशिरा येतात. आनंदीबाई त्यांच्यासाठी किती करते. चिपीच्या पोरीला तर दोनदा पाणी घातलं, कारण ती "आई, आई" करत होती.

मेट्रनबाई वेड लागल्यासारखी करते. आमचे घसे तपासले, नखं मुळापासून कापली, चादरी उकळल्या, कात्र्या दोन-दोनदा उकळल्या. घड्याळ घेऊन चुलीशी उभी राहते. आम्हा बारा जणींवर चोर पकडल्यासारखी नजर ठेवते. आम्ही तिच्याशी कामापलीकडे बोलत नाही.

तू जुलैच्या पहिल्या आठवड्यातच ये. मग ओहोळ भरतात, रस्ता बंद पडतो. आनंदीबाईने तुझ्यासाठी खिडकीकडची खाट बघून ठेवलीय.

नर्मदा


तारकर्ली
४ जून १९५८

चि. नर्मदे,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मागची दोन्ही पेटीतून काढून तीही वाचली. आता विचारते त्याचा राग धरू नकोस.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवली. एका पाटीतला मासा बिघडला तर मासा बघायचा. तीन पाट्यांतला बिघडला आणि बाकीच्या दहा ताज्या राहिल्या, तर मासा बघायचा नाही. त्या तिन्ही पाट्यांत कोणाचा हात गेला ते बघायचं.

तूच लिहिलंस की ज्यांचं कोणी नाही त्या मरतात. ज्यांचं कोणी नाही त्यांना कोण धुतं? हातमोजे काढून कोण धुतं? शिमग्यापासून बोट कोणाचं सुजलंय, आणि पहिली बाई कधी गेली?

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तू वही भरभरून शिकतेस. तुमच्या त्या मेट्रनबाईने रुक्मिणीला कापलेल्या बोटासाठी आठ दिवस का बसवलं, ते वहीत लिहिलेलं असेल. काढून वाच.

मला स्वतःची भीती वाटते, ते लपवत नाही. तुझ्या आनंदीबाईचं माप माझ्या मनात एवढं मोठं झालं होतं की हे लिहिताना हात अडतो. लिंबू मीच सांगितलं. बोट डॉक्टरला दाखवा असं सांगायला हवं होतं. तेवढा भाग माझाही आहे.

मेट्रनबाईला सांग. आजच सांग.

वहिनी


प्रसूतिगृह
११ जून १९५८

वहिनी,

तू बांगडे विकतेस ते विक. माणसं आणि मासे एक नव्हेत.

आनंदीबाईने आजवर शेकड्यांनी बाया सोडवल्या आहेत. तिच्या हाताला यश आहे असं डॉक्टर स्वतः म्हणतात. ती सकाळी हात धुते, दुपारी धुते, बोटाला पट्टी असते. पाणी घालताना पट्टी भिजते म्हणून काढते, तेवढंच. तुझं पत्र मी फाडून टाकलं. रुक्मिणीच्या हाती लागलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. हौसाबाई आहेच.

नर्मदा


तारकर्ली
२ जुलै १९५८

चि. नर्मदे,

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. माझीही लिहायची इच्छा नव्हती. मी येत नाही. गुणाजींना सांगितलं, रस्ता वाईट. खरं कारण कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाईची बदनामी माझ्या तोंडून व्हायला नको.

दिवस भरत आलेत. रागावलीस तर रागाव. पण ह्या महिनाभरात तिथे कोणी गेली का, एवढंच कळव. एक आकडा लिही, बाकी काही नको.

वहिनी


प्रसूतिगृह
सोमवार, १४ जुलै १९५८

वहिनी, ही चिठ्ठी धोंडूच्या हाती देते. टपालाच्या पिशवीत टाकू नको, कट्टा गावातून मालवणच्या माणसाकडे हातोहात दे, असं त्याला सांगितलंय. घाईत लिहिते.

आकडा एक. आठ जुलैला गेली. आचऱ्याची होती, तिची आई वाटेत ओहोळापलीकडे अडकली होती, म्हणून इथे ती एकटी. मी बाहेर पाणी तापवत होते. आनंदीबाईने आत जाताना माझ्याकडे पट्टी सोडून दिली. पट्टीवर पू होता, हिरवट. मी ती हातात धरून उभी राहिले आणि मला तुझ्या पाट्या दिसल्या. मी आत जाऊन तिचा हात धरायला हवा होता. नाही धरला, वहिनी. तिला वाईट वाटेल म्हणून नाही धरला. मी तिथेच उभी राहिले आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. सहा दिवसांत ती बाई गेली.

तुझं पत्र फाडलं असं लिहिलं होतं, ते खोटं. उशीखाली होतं. आज सकाळी रांगेत मेट्रनबाई "हात" म्हणाली तशी मी हात पुढे केले नाहीत. म्हटलं, "आधी आनंदीबाईंचे बघा."

मेट्रनबाई वळली. आनंदीबाईने स्वतःच हात पुढे केला. मनगटापर्यंत सूज आली होती, आम्हालाही एवढी माहीत नव्हती, कारण शनिवारपासून तिने बांधून घ्यायचं बंद केलं होतं. मेट्रनबाईने मग मी दिलेलं तुझं पत्र वाचलं. मला शाबासकी दिली असेल असं वाटतं तुला? म्हणाली, "चार महिने उशीर केलास." मग खुर्चीवर बसली आणि हळू म्हणाली, "मी पण रांगेत उभ्या असलेल्यांचेच हात बघत राहिले."

आनंदीबाईला वॉर्डातून काढलं. डॉक्टर उद्या यायचे आहेत, तोवर खोलीत पडून राहा, असं तिला सांगितलं होतं. रुक्मिणीने मला तोंडावर सांगितलं, "आईक तू खाल्लंस." बाकीच्या माझ्या खाटेजवळून लुगडं सावरून जातात.

आता ऐक. दुपारी तिची खोली रिकामी मिळाली. पिशवी नाही, छत्री नाही. इथल्या गाडीवानाने सांगितलं, त्याने तिला मालवणच्या एस्टीत बसवून दिलं. जाताना ती म्हणाली, "इथे मला काम नाही, पण तारकर्लीत एका लेकीला शब्द दिलाय."

ती तुझ्याकडे येतेय. मीच तिला तुझ्या दारी पाठवली. तिला हात लावू देऊ नकोस. आये काहीही म्हणो, दादा काहीही म्हणो. तिला वाईट वाटलं तर वाटू दे.

नर्मदा


तारकर्ली
शनिवार, १९ जुलै १९५८

चि. नर्मदेला आशीर्वाद.

मुलगी झाली. जिवंत आहे, मोठ्याने रडते. मीही जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणजे तू पुढचं श्वास सोडून वाचशील. तिसरा दिवस उलटेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल तिसरा दिवस गेला. थंडी वाजली नाही, ताप नाही.

तुझी चिठ्ठी बुधवारी पोचली, भिजून लगदा झालेली. आनंदीबाई मंगळवारीच सकाळी आली.

मला पहाटेपासून कळा सुरू होत्या. हौसाबाई आत, सासूबाई चुलीशी. पावसातून एक बाई दारासमोरच्या खळ्यात येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं चिखलाने भरलेलं, डाव्या हातात पिशवी. मालवणहून चालत आली होती. म्हणाली, "मी नर्मदेची आनंदीबाई." सासूबाई हात जोडून धावल्या. "येवा, येवा, देवीच इली गो!" पिशवीत माझ्यासाठी खण, नारळ आणि नवी तपेली होती, पाणी तापवायला.

तिचा उजवा हात पदराखाली होता.

नर्मदे, मी कळांनी वाकले होते आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला माझी आई आठवली. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, येऊ दे आत. मग मी दाराची चौकट धरली आणि म्हटलं, "बाई, हात दाखवा."

सासूबाई म्हणाल्या, "काय ह्या, पावण्यांक असा कोण विचारतां?" मी पुन्हा म्हटलं. तिने पदर बाजूला केला. हात कोपरापर्यंत सुजून चकचकत होता आणि मनगटापासून वर काखेकडे तांबडी रेघ गेली होती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "तुमी उंबरो ओलांडू नकात."

ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. गुणाजी तिला लगेच मालवणला डॉक्टरकडे नेतो म्हणाले, ती हलली नाही. म्हणाली, "आत येत नाही. पण हिची होईपर्यंत मला इथून उठवू नका."

मग हौसाबाई घाबरी झाली. "पाय येतत गो. पयल्यासारखाच पायाळू." मी डोळे मिटले. बाहेरून आनंदीबाईने विचारलं, काय दिसतंय? हौसाबाईने सांगितलं. मग भिंतीपलीकडून तिने शिकवायला सुरुवात केली. आधी हात कोपरापर्यंत धुवायला लावले, ती बाहेरून आकडे मोजत होती. दोरा आणि पातं उकळायला लावलं, आणि सासूबाईंनी लवकर उतरवलं तर परत चुलीवर ठेवायला लावलं. आणि मग एकच गोष्ट, शंभर वेळा. "हौसाबाई, हात लावू नका. ओढू नका. लोंबू दे. आपसूक येतंय. हात लावू नका." हौसाबाईचे हात शिवशिवत होते, मी बघत होते. पहिल्या वेळी तिने ओढलं होतं. ह्या वेळी ती हात मागे बांधून बसली. मानेचे केस दिसले तेव्हा कुठे बाहेरून आवाज आला, "आता. आता दोन्ही हातांनी धरा आणि वर उचला."

मग मुलगी रडली. मला धुतलं ते हौसाबाईने, उकळलेल्या पाण्याने, नखं कापून.

गुणाजी गाडी आणायला गेले होते. मी आत पडल्यापडल्या भिंतीतून विचारलं, "बाई, तुमका कधी कळला?" म्हणाली, "चिपीच्या पोरीच्या वेळी." मी म्हटलं, मग थांबलात का नाही? ती म्हणाली, "वॉर्डाबाहेर माझं कोण आहे? आठ दिवस त्या खोलीत एकटी बसले असते तर मुली दुसरीला आई म्हणायला शिकल्या असत्या. मला वाटलं, नसेल तसं. रोज वाटवून घेतलं." पुढे म्हणाली, "नर्मदेला सांगा, माझं बोट तिने लपवलं नाही. लपवायला मी शिकवलं. त्यांच्या चुका झाकत होते ना, तेव्हापासून."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. दोन्ही अजून आहेत. तिला गाडीत घातलं तेव्हा अंग तापलेलं होतं, दात वाजत होते. मालवणच्या डॉक्टरांनी सुई देऊन तिला तुमच्याकडेच परत पाठवलं असं कळलं. कशी आहे, लिही.

सासूबाई म्हणतात, मुलीचं नाव आनंदी ठेवू. तू काय म्हणतेस?

वहिनी


प्रसूतिगृह
३ ऑगस्ट १९५८

सौ. वहिनी, दादा, आये, आणि आता घरात एक जीव वाढला त्यालाही, नर्मदेचा नमस्कार.

तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचून मी खाली बसले. मग बाकीचं वाचलं.

आनंदीबाई सव्वीस तारखेला गेली. विष रक्तात उतरलं होतं. सुया दिल्या, डॉक्टर म्हणाले महिनाभर आधी दिल्या असत्या तर. आमच्या हळदीने आणि तुझ्या लिंबाने तो महिना खाल्ला. हे मी तुला टोचायला लिहीत नाही, दोघींनी मिळून वाहायचं म्हणून लिहिते. घाटावरची, चिपीची, नवऱ्याने टाकलेली आणि आचऱ्याची, ह्या चौघींची नावं मी मेट्रनबाईकडून मागून घेतली. मला एकीचंही धड ठाऊक नव्हतं. आनंदीबाईला ठाऊक होती, तापात ती तीच नावं घेत होती.

तिच्याजवळ कोणाला जाऊ दिलं नाही. मेट्रनबाई एकटीच अकरा दिवस आत होती. तिथेच एका खुर्चीवर बसून जेवायची. गोड एक शब्द बोलली नाही, मी दाराबाहेरून ऐकत होते. "कूस बदला." "पाणी प्या." "मी आहे, झोपा." एवढंच.

ती गेल्यावर तिला न्हाऊ घालायला तिचं कोणी नव्हतं. मुली रडत होत्या, रुक्मिणी तर जमिनीवर पडून होती. मी मेट्रनबाईला म्हटलं, मी घालते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कपाटातून हातमोजे काढून दिले, कोपरापर्यंतचे. पाणी मी तिच्याच जुन्या तपेलीत तापवलं, विसणलं, आणि तिला धुतलं, पुसलं. तो हात शेवटी धुतला. वहिनी, माहेरचं पाणी मी तिला रबराच्या हातांनी घातलं. ती म्हणायची तसं माहेर झालं की नाही, मला सांगता येत नाही.

आता सकाळी रांगेत पहिली मेट्रनबाई उभी राहते आणि स्वतःचे हात पुढे करते. ते बघायचं काम तिने माझ्याकडे दिलंय. रुक्मिणी परवा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पट्टी मीय बांधलंय गो."

नाव ठेवायचं तर ठेवा. फक्त मोठी झाल्यावर ते कोणाचं होतं, ते तिला अर्धंच सांगू नका.

बारसं माझ्यासाठी लांबवलंत, मी येईन असं आयेला वाटतंय, पण येता येणार नाही. काल सुईचं टोक माझ्या डाव्या अंगठ्यात गेलं. दिसतसुद्धा नाही, मुंगी चावल्याएवढं आहे, पण आज कडेला लाल झालंय. मेट्रनबाईने विचारायच्या आधी मी हात पुढे केला. आजपासून आठ दिवस मी खोलीत एकटी आहे आणि डॉक्टर बुधवारी बघणार आहेत. हे पत्र तिथूनच लिहिते. वाचून झालं की चुलीत घाल, हात धू, आणि मगच मुलीला उचल.

तुझी नर्मदा